दोन बोटं मिटून

रुपालीने फिल्मसाठी होकार दिला तेव्हा एकच अट घातली. "तोंड घे, आवाज घे, खोली घे. पोरीवर ओरडताना घेतलंस तरी चालेल. हात तेवढा घ्यायचा नाही."

तनुजाने मान डोलावली. पण आतून ती हिरमुसली, कारण तिला हातच हवा होता.

फिल्म होती प्रेसवर काम करणाऱ्या बायकांची. चाकणच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांच्या मागे लहान लहान शेडच्या रांगा आहेत. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे कापले जातात, वाकवले जातात. हे काम करणारं यंत्र म्हणजे प्रेस. वरचा जडशीळ जबडा खाली येतो, पत्रा दाबतो, वर जातो. सेन्सर चालू असेल तर हात मध्ये असताना जबडा खाली येत नाही. पण माल लवकर हवा असला की सेन्सर बंद ठेवायचा, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि मग पत्र्याबरोबर बोटंही जातात. भोसरीहून चाकणला जाणाऱ्या सहाआसनी रिक्षात बसावं आणि समोरच्या दांडीला धरलेले हात जरा नीट बघावेत. एखादा अपुरा हात हमखास दिसतो. तनुजा कुरुळीचीच. हे हात ती लहानपणापासून बघत आली होती, म्हणजे खरं तर बघत नव्हती. नीट बघायची सवय तिला फिजिक्सची पदवी घेऊन, नोकरी सोडून, कॅमेरा हातात घेतल्यावर लागली.

रुपाली मूळची लातूरजवळच्या औशाकडची. लग्न होऊन इकडे आली आणि एका कंपनीत प्रेसवर लागली. तिथे तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जखम भरत आली तेव्हा एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता. "चांगला माणूस होता," असं रुपाली आजही म्हणते. त्याने विचारूनच फोटो काढला. तोंड दिसलं तर पुढे नोकरीला त्रास होईल, म्हणून नुसता हात काढला. पुढे काही महिन्यांनी ती दुसऱ्या कंपनीत काम विचारायला गेली. गेटजवळच्या खोलीत तिला बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. खाली मोठ्या अक्षरांत सुरक्षेचं काहीतरी, आणि वर एक हात. अंगठ्याच्या मुळाशी गोंदलेली तीन टिंबं. रुपालीच्या लहानपणी तिच्या आत्याने जत्रेत हौसेनं तिच्या हातावर गोंदवलेली.

"मी बसले बघत," रुपाली सांगायची. "येणारा-जाणारा भिंतीकडं बघतोय, च्च् करतोय. आणि मी हितं बाकावर बसलेय, तर माझ्याकडं एक माणूस बघंना. मला वाटलं, खरी ती बाई तिकडं टांगलेली आहे आणि मी नुसती बघायला आलेय."

काम न विचारताच ती उठून आली. तेव्हापासून बाहेर कुठेही तिचा उजवा हात ओढणीत असे. बसमध्ये, किराणा दुकानात, पोरीच्या शाळेत पालकसभेला. कुणी काही विचारण्याआधीच हात आत गेलेला असायचा.

पुढे तिला आदिनाथच्या शेडमध्ये काम लागलं. आदिनाथ हा तनुजाचा चुलतभाऊ. घरची जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्याने दोन-तीन प्रेस घेऊन सुरुवात केली आणि हळूहळू शेड वाढवली. मुलाखतीच्या दिवशी रुपालीने दारातूनच विचारलं होतं, "सेन्सर चालू असतात का?" आदिनाथने तिला आत नेऊन प्रत्येक मशीन दाखवली. तिला प्रेसवर न घेता त्याने शेडच्या मधोमध क्वालिटीचं टेबल लावून दिलं. सगळ्या मशीनवरचा माल क्रेटमध्ये भरून त्या टेबलावर यायचा, रुपाली दोन्ही उघड्या हातांनी एकेक तुकडा गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून तपासायची, आणि क्रेट पुढे जायचा.

"कर की शूटिंग," आदिनाथ तनुजाला म्हणाला होता. "फक्त ज्यांचा माल करतो त्या पार्टीचं नाव कुठं दिसायला नको. आणि मला बोलायला लावू नको. कॅमेरा बघितला की मी हिंदीत सुरू होतो."

श्रावणापासून होळीपर्यंत तनुजा शेडमध्ये जात राहिली. रुपालीला दिलेला शब्द पाळायचा म्हणून तिने एक साधी युक्ती केली. क्वालिटीच्या टेबलाकडे कॅमेऱ्याची पाठ करायची आणि टेबलाभोवतीच्या मशीन टिपायच्या. म्हणजे चुकूनसुद्धा हात चौकटीत येणार नाही.

आत आवाज असा, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी तिला नुसते ओठ हललेले दिसावेत. त्यातून सगळ्यांच्या कानात बोळे. तनुजाने मोबाईलवर आवाज मोजून पाहिला आणि मग मोजायचा सोडून दिला. ध्वनिमुद्रण तर कामातूनच गेलं. पण चित्रं फार सुंदर येत होती. दोन तुकड्यांच्या मधल्या क्षणात, क्रेट बदलताना, प्रेसचा साचा म्हणजे डाय बसवताना, बायका एकमेकींना हाताने खुणा करायच्या. माल संपला, तेल आणा, साहेब आले, असलं काहीतरी असावं असं तनुजा धरून चालली होती. खुणा करताना त्या पहिली दोन बोटं अंगठ्याखाली मिटून घेत, आणि उरलेली दोन हवेत हलत राहत. एखाद्या पाखराच्या चोचीसारखा तो आकार. तिने तो खूप वेळा टिपला आणि निवेदनात एक वाक्य लिहिलं: "यंत्र जी बोटं आधी मागतं, तीच दोन बोटं या बायका मिटून धरतात. भीती हातात मुरली आहे." हे वाक्य तिला मनापासून आवडलं होतं.

आणि मग नळाचा शॉट आला.

शेडच्या मागे हात धुवायचा नळ आहे. एका संध्याकाळी तिथे तिरपं ऊन येत होतं आणि तनुजा पाण्याची धार टिपत होती. कॅमेरा चालू होता. रुपाली कोपऱ्यावरून आली, तिला कॅमेरा दिसला नाही. तिने ओढणी खांद्यावर टाकली, दोन्ही हात धारेखाली धरले आणि तेलाचे डाग सावकाश चोळून काढले. ऊन पाण्यातून हातावर पडत होतं. जिथे दोन बोटं नव्हती तिथून धार सरळ खाली जात होती. तनुजाचं बोट कॅमेरा बंद करायच्या बटणावर होतं. तिने ते दाबलं नाही.

सांगवीला नदीजवळच्या एका फ्लॅटमध्ये धनेश फिल्मचं संकलन करत होता. त्याने तो शॉट तीनदा पाहिला.

"बाई गं," तो म्हणाला. "ह्याच्यावर पिक्चर उभा आहे आपला."

"तिने नाही म्हटलंय, धन्या."

"हा काढला तर उरलं काय? बायका, मशीन आणि खडखडाट. तिला दाखव तरी! एवढं देखणं आलंय, स्वतःच हो म्हणेल."

तनुजाने शॉट ठेवला. आधी रुपालीला दाखवायचा, ती नाही म्हणाली तर काढायचा, असं तिने स्वतःला सांगितलं. ती "काढ" म्हणाली तर फिल्मचा कणाच जाणार होता. पण रात्रंदिवस तिला छळत होती ती दुसरीच शक्यता. रुपाली भिडेपोटी "राहू दे" म्हणाली तर? मग तो हात पुन्हा एकदा भिंतीवर लागणार, आणि या वेळी तो लावणारी तनुजा असणार.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. दुपारी कुरुळीला रुपालीच्या खोलीत सगळ्या जमल्या. सगळ्या म्हणजे रुपाली, कडेच्या प्रेसवरच्या सुमनताई आणि पिंकी. सुमनताई गावातल्याच, तनुजा परकरात होती तेव्हापासून तिला ओळखत. पिंकी श्रावणात कामाला लागलेली, जालन्याकडची, बडबडी. रुपालीने पोहे केले होते. तनुजाने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"तने, माझं केस बरं दिसत्यात न्हवं?" सुमनताईंनी विचारलं.

"अहो, पिक्चर सुरू तर होऊ द्या."

"सुरू झाल्यावर काय उपयोग इचारून?"

सुरुवात रुपालीच्या चेहऱ्याने होती. ती पहाटे पोरीची वेणी घालत होती. रुपालीने स्वतःला पाहिलं आणि तोंड फिरवून ओट्याकडे गेली, चहाचं आधण ठेवायला. मग शेड आली. धनेशने तिथला आवाज काढून टाकून हळुवार बासरी घातली होती. पडद्यावर सुमनताईंचा हात वर गेला, दोन बोटं मिटलेली, दोन हललेली.

"अगं बया!" खोलीतल्या सुमनताई जागच्या उठल्या. "हे बी घेतलंस? काढ, काढ ते!"

"काय झालं?"

"मी सूनबाईचं बोलतेय की तितं!"

पिंकी हसून लोळायच्या बेतात होती. "थांबा, थांबा, मी सांगते. ताई म्हणायल्यात, काल भाजीत मीठ नव्हतं, मी बोलले नाही. आज आमटीत दोनदा मीठ पडलंय, तरी बोलले नाही. आता उद्या काय पडतंय ते बघते आणि मग बोलते."

"आणि समोरून तू काय म्हणतेयस?" तनुजाने विचारलं. पडद्यावर पिंकीचा हात दिसत होता.

"मी म्हणतेय, उद्या डबाच आणू नका, माझ्यातलं खा."

"खोटं बोलतीये," सुमनताई म्हणाल्या. "ती म्हणली, सून शहाणी हाय, तुमास्नी बरोबर वळखलंय तिनं."

तनुजाने फिल्म थांबवली, मागे नेली, परत लावली. बासरी वाजत राहिली आणि पिंकी व सुमनताई दोघी मिळून एकेक हात वाचत राहिल्या. या वेळी मागच्या मशीनवरच्या बायकासुद्धा बोलायला लागल्या. एक जण माहेरच्या लग्नाला रजा मिळेल का याची चिंता करत होती. दुसरी तिला सांगत होती की आदिनाथकडे सकाळी मागू नको, जेवल्यावर माग. आदिनाथ म्हणजे पँट वर ओढल्याची खूण. ती कळल्यावर तनुजाने आधीची सगळी दृश्यं आठवून पाहिली. बिचारा किती ठिकाणी होता! यात चेष्टा होती, चहाडी होती, "काल" आणि "उद्या" होतं, "म्हणे" आणि "कोण जाणे" होतं. पिंकी आणि सुमनताई भांडत होत्या ते हाताच्या बोलण्यात टोमणा नेमका कुठे होता यावर. जिथे माणसाचा आवाज पोचूच शकत नाही अशा ठिकाणी या बायकांनी एक आख्खं गाव वसवलं होतं, आणि तनुजा त्या गावातून महिनोन्‌महिने कॅमेरा घेऊन फिरली होती, वाटेवरचा एक शब्द न कळता.

आणि नेमकं तेव्हाच तिचं निवेदन सुरू झालं. "...तीच दोन बोटं या बायका मिटून धरतात. भीती हातात मुरली आहे."

"भ्या?" सुमनताईंनी विचारलं. "कुणाला भ्या?"

"नाही, म्हणजे... मशीनची. म्हणून तुम्ही बोटं आत घेता ना?"

"अगं येडे, बोटं आत घेऊन पत्रा कसा धरायचा? पायानं?"

पिंकीने टीव्हीकडे बोट दाखवलं. खरंच. पत्रा ठेवताना, उचलताना सगळी बोटं उघडी होती. मशीनजवळ जाताना कुणी काही मिटत नव्हतं. बोटं मिटली जात होती ती फक्त बोलताना. हे चित्र तनुजाच्या डोळ्यांसमोरून शेकडो वेळा गेलं होतं.

"मग का मिटता?"

"अय्या, मला विचारा," पिंकी म्हणाली. "पहिल्या आठवड्यात सुमनताई मला सारखी करंगळी दाखवायच्या. मला वाटलं, म्हातारीला लघवीचा त्रास दिसतोय. मी आदिनाथदादांना जाऊन सांगितलं पण, की त्यांना जरा सोडा मधून मधून."

"तवाच तो मला डाक्तरकडं जा म्हनत व्हता व्हय!" सुमनताईंनी पिंकीच्या पाठीत धपाटा घातला. रुपालीसुद्धा ओट्याशी हसली.

तनुजा मात्र विचारात पडली होती. "पण सुमनताई, करंगळीच का? 'ते बघ' म्हणायला माणूस हे बोट दाखवतं." तिने तर्जनी पुढे केली. "पहिलं हेच बोट उठतं. तान्ह्या बाळाचंसुद्धा."

सुमनताईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. "आमचं असंच हाय."

"कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? बोलता बोलता येतंय."

"पिंकी, तुला कुणी सांगितलं, बोटं मीट म्हणून?"

"नाही बा. पण मी मिटत नव्हते. मिटते का मी?"

तनुजाने सगळं मूळ चित्रण असलेली डिस्क लावली. श्रावणातलं चित्रण शोधलं. पिंकी, नवी कोरी, कानातले बोळे सारखे चाचपणारी. समोरून कुणीतरी काही विचारतं, पिंकी हात वर करते आणि तर्जनीने दाखवते: तिकडे. सरळ, ताठ, साऱ्या जगाची तर्जनी. मग तनुजाने होळीच्या आसपासचं चित्रण त्याच्या शेजारी लावलं. तीच पिंकी, तीच मशीन. दोन बोटं अंगठ्याखाली, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट, दोन्ही वर.

"आई शप्पथ," पिंकी म्हणाली. "मी कधी बदलले?"

तनुजाचे हात आता भराभर चालत होते. तिने मधले दिवस काढले. गणपतीच्या सुमाराला पिंकीची तर्जनी वर यायची, पण जरा बाकलेली, अवघडलेली. दसऱ्याला ती अर्धी मिटली होती. दिवाळीनंतर ती दिसतच नव्हती. खिडकीतल्या कुंडीतलं रोप उजेडाकडे वळत जातं, तसा तो हात महिनोन्‌महिने वळत गेला होता. वळताना ना पिंकीला कळलं, ना पाहणाऱ्यांना.

पण उजेड कुठल्या बाजूला होता?

तनुजाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि या वेळी हातांऐवजी डोळ्यांकडे. बोलणं संपलं की बायका एका ठरावीक दिशेला बघत. वेगवेगळ्या मशीनवरून, वेगवेगळ्या कोनांतून, पण सगळ्यांच्या नजरा एकाच जागी जात होत्या. कॅमेऱ्याच्या मागे. जिकडे तनुजाने जाणूनबुजून पाठ केली होती तिकडे.

"तिकडे का बघता तुम्ही सगळ्या?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं.

"तितं रुपाली बसती," सुमनताई म्हणाल्या. "ह्या टोकाचं त्या टोकाला दिसत न्हाई ना. मशीन आडवी येत्यात. मग रुपालीला सांगायचं, ती पल्याड सांगती. आमचं समदं तिच्याकडनंच जातंय..."

वाक्य तिथेच थांबलं. सुमनताईंनी आपला उजवा हात पुन्हा वर धरला. दोन बोटं अंगठ्याखाली मिटलेली. अंगठा, अनामिका, करंगळी.

खोलीतल्या सगळ्या जणी हळूहळू ओट्याकडे वळल्या. रुपाली तिथे उभी होती, डाव्या हातात चिमटा, उजवा हात ओढणीत.

"परत लाव," ती म्हणाली.

तनुजाने परत लावलं. या वेळी बासरीही बंद केली. टीव्हीवर नुसते हात होते. धडधाकट, पाच बोटांचे, बांगड्या भरलेले, तेलाने काळवंडलेले हात. आणि बोलायला वर येताच प्रत्येक हात आपली दोन बोटं आत घेत होता, आणि रुपालीचा हात होत होता. डाव्या बाजूच्या मशीनवर. उजव्या बाजूच्या मशीनवर. मागे, अंधुक दिसणाऱ्या कोपऱ्यात. कुणी मुद्दाम करत नव्हतं, कारण मुद्दाम केलेलं माणसाच्या लक्षात राहतं. कधीतरी, कुणीतरी तिला उत्तर देताना तिच्यासारखं बोललं असेल. दुसरीने तिचं पाहून तसंच केलं असेल. जे शब्द रुपालीला बोलता येत नव्हते ते हळूहळू शेडमधून नाहीसे झाले, आणि जे तिला येत होते तेवढ्यांतच सगळ्यांनी सगळं बोलायला सुरुवात केली. फिजिक्स शिकताना तनुजाने एकदा, अंधाऱ्या खोलीत, न दिसणाऱ्या चुंबकाभोवती लोखंडाचा कीस आपोआप रेषांत मांडला गेलेला पाहिला होता, आणि तिच्या अंगावर काटा आला होता. आत्ता आला तो त्याहून मोठा होता.

"मला वाटायचं, माझं बोललेलं ह्यांना कळतं," रुपाली अगदी हळू म्हणाली. "ह्या माझ्यासारखं बोलतात, हे नव्हतं माहीत."

सुमनताईंनी नाक ओढलं. "चहा उतू चाललाय बघ," त्या म्हणाल्या. चहा उतू चालला नव्हता.

पिंकीने वातावरण सोडवलं. "मी बोलून बघते जुन्यासारखं," असं म्हणून तिने पाचही बोटं उघडली आणि हवेत काहीतरी सांगायला गेली. बोटं एकमेकांत अडकली. सुमनताईंनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

"ह्या! तोंडात दुसऱ्याची कवळी घातल्यागत वाटतंय."

हसणं ओसरलं तेव्हा तनुजाच्या लक्षात आलं की फिल्म अजून संपलेली नाही. पुढे नळ होता. आता तो न दाखवता लॅपटॉप मिटता आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. तिने मिटला नाही.

"रुपालीताई, अजून एक आहे. त्यात तुझा हात आहे. तू नको म्हणाली होतीस, तरी मी घेतलाय."

तिने शॉट लावला. ऊन, धार, दोन हात. रुपालीने शेवटपर्यंत पाहिलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली.

इतके दिवस तनुजा या दोन शब्दांची वाट पाहत होती. आता ते ऐकवेनात.

"पण हे ते पोस्टरच आहे," रुपाली पुढे म्हणाली. "पाणी घातलेलं. काढ."

तनुजाने तिथेच तो शॉट आधी फिल्ममधून, मग डिस्कवरून काढला. मग धनेशला फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"नळाचा शॉट काढ. तुझ्याकडची कॉपीपण."

"डोकं फिरलंय का? मग दाखवायचं काय?"

"कोण हाय गं ह्यो?" सुमनताईंनी विचारलं. "बासरीवाला का?"

"...कोण बोलतंय?"

"जिची सून तू बासरीखाली घातलीस ती बाई बोलतेय. काढ म्हनती तर काढ."

मग धनेश म्हणाला, "काढतो," आणि काढल्याचा फोटो पाठवला.

"माझा नको," रुपाली तनुजाला म्हणाली. "ह्यांचे दाखव. ज्याला बघायचंय त्याला दिसेल."

"आणि नाही दिसला तर?" पिंकीने विचारलं.

रुपालीने खांदे उडवले आणि चहा गाळायला घेतला. ओढणी तोवर कधीतरी खांद्यावर गेली होती. तीन बोटांनी तिने पातेलं धरलं आणि चार कप भरले.

शनिवारी तनुजा पुन्हा शेडमध्ये गेली. सकाळभर काहीच धड मिळालं नाही. बातमी सगळीकडे पोचली होती आणि बायका आपल्याच हातांकडे बघून लाजत होत्या. कुणी बोलायला हात वर करी, दोन बोटं मिटल्याचं स्वतःच्याच लक्षात येई, आणि हात खाली जाई. सगळी शेड बोबडी झाली होती. आदिनाथ येऊन विचारून गेला, "भांडण झालंय का काय बायकांचं?"

जेवणानंतर मशीनची लय लागली. तुकड्यामागून तुकडा जाऊ लागला आणि हातांना आपला विसर पडला. तनुजाने या वेळी तिवई क्वालिटीच्या टेबलापाशीच लावली, रुपालीच्या अगदी पुढे. कॅमेरा मशीनकडे, रुपाली कॅमेऱ्याच्या मागे. जिथून ती रोज बघते तिथून.

मागे रुपालीने काहीतरी सांगितलं. काय, ते तनुजाला कळलं नाही. तिला फक्त समोरच्या बायका दिसत होत्या. पहिल्या मशीनवर सुमनताईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी दोन बोटं मिटली आणि ते पलीकडे दिलं. पलीकडची हसली, तिने दोन बोटं मिटली आणि पुढे दिलं. खडखडाटातून, पत्र्याच्या चमकत्या कडांमधून, ते बोलणं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं, आणि त्याच्या मागोमाग हसणं. रुपाली चौकटीत कुठेच नव्हती, आणि समोरच्या प्रत्येक हातात ती होती. 

शेवटच्या प्रेसवर सोमवारीच लागलेली एक नवी बाई होती. बोलणं तिच्यापर्यंत पोचलं. तिला ते कळलं नाही, पण सगळ्या हसत होत्या म्हणून तीही हसली, आणि मग तर्जनी वर करून तिने विचारलं: काय?

तनुजाने कॅमेरा तिच्यावर नेला आणि तिथेच ठेवला.